सतरा नंबरची बाटली

१

ताईनं दार ठोठावलं होतं का?

एवढंच त्याला विचारायचं होतं. डॉक्टरांना विचारलं, तर डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नायट्रोजनमध्ये माणसाला काही कळत नाही. गुदमरल्यासारखंसुद्धा होत नाही. झोप लागते." पोलिसांना विचारलं, तर त्यांनी वही मिटली आणि आधी पाणी पी म्हणाले. सरांना विचारलं, तेव्हा सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात इतका वेळ तिथंच राहिला की शेवटी त्यालाच अवघडल्यासारखं होऊन तो बाजूला झाला. आईला विचारलं. आई म्हणाली, "हात धुऊन घे. वाढते."

प्रश्न काही फार मोठा नव्हता. हो किंवा नाही, एवढ्यात संपला असता.

ताई प्रयोगशाळेतल्या द्रव नायट्रोजनच्या खोलीत गेली होती, थर्मास भरायला. खोली कसली, माळ्याएवढी जागा. एक मोठं पिंप, एक पंखा, एक दार. पिंपातून सुटणारा गॅस बाहेर ओढणारा तो पंखा त्या दिवशी बंद होता. तो का बंद होता यावर नंतर बरेच कागद लिहिले गेले. दाराला आतून एक मूठ होती, ती महिनाभर खुळखुळत होती. ताईचं त्याबद्दल दोनदा सांगूनही झालं होतं. सगळ्यांनी मिळून दार उघडलं तेव्हा ती मूठ दाराला नव्हती. ताईच्या हातात होती.

झोप लागलेलं माणूस मूठ कशाला उपटेल?

आणि तो त्या वेळी कुठं होता? भिंतीच्या अलीकडे. वीतभर भिंत. तिच्या अलीकडे त्याचं टेबल, टेबलावर दगड, हातात ड्रिल आणि दोन्ही कानांवर इअरमफ.

२

दोन आठवड्यांनी तो कामावर परत गेला. आईच म्हणाली, "घरात बसून छताकडे बघतोस. त्यापेक्षा जा. एक माणूस कमी दिसलं की मला घर तरी झाडता येईल."

गेल्या गेल्या त्यानं हत्यारांच्या पेटीतून पाना घेतला, नायट्रोजनच्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि बोळातल्या भिंतीला टेकवून ठेवलं. कोणाला विचारलं नाही. सर आले, त्यांनी दाराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आत गेले. खोलीत नवा पंखा आला होता, हवा मोजणारी पेटी आली होती, लाल दिवा आला होता. यायचं ते सगळं आता आलं होतं. दार मात्र तिथंच टेकलेलं राहिलं. येणारेजाणारे तिथून जाताना जरा अंग चोरायचे.

काम पूर्वीचंच होतं. गुहांमधून आणलेले चुनखडीचे दगड. वर ठिबकणाऱ्या पाण्यातून थेंबाथेंबानं, हजारो वर्षांत वाढलेले. उभे कापले की आत झाडाच्या खोडासारखे थर दिसतात. त्या थरांवरून केसाएवढ्या रेषा ड्रिलनं खोदायच्या, प्रत्येक रेषेची चिमूटभर पावडर वेगळ्या कागदावर घ्यायची. तो हे करायचा. पुढं ताई ती पावडर तोलून काचेच्या लांबट बाटल्यांत भरायची, रबरी झाकणं घट्ट पिळायची. मग त्या बाटल्या मशीनकडे. तिथं सुईनं आत ॲसिड सोडलं की पावडर विरघळते, गॅस निघतो, आणि मशीन त्या गॅसमधला कार्बन आणि ऑक्सिजन तोलतं. त्यावरून सर सांगायचे की अमुक हजार वर्षांपूर्वी पाऊस किती होता, ऊन किती होतं.

"दगडाला कसं काय ठाऊक?" त्यानं पहिल्याच दिवशी ताईला विचारलं होतं.

"कार्बन दोन तऱ्हेचा असतो. एकाच आईची दोन लेकरं समज. सगळं सारखं, पण एक किंचित जड. कुठल्या थरात जड किती न् हलका किती, यावरून कळतं."

"जड कोण?"

"जी घर चालवते ती. हलका नेहमी आधी निसटतो. जड मागे राहतो. चल, कामाला लाग."

तो आठवीत दोनदा बसलेला आणि दोन्ही वेळा तिथंच राहिलेला. पुढं फरश्या कापायच्या कारखान्यात होता. तिथल्या मालकाच्या अंगावर धावून गेला म्हणून ते काम गेलं. तेव्हा ताईनं त्याला हाताला धरून सरांपुढं उभं केलं होतं. "डोकं तापट आहे सर, पण हात थंड आहे." सरांनी एक दगड दिला, त्यानं रेषा काढली, सरांनी भिंगातून पाहिली आणि विचारलं, "उद्यापासून येशील?" तेव्हापासून तो सगळ्यांचा भाऊ झाला. ताईचा भाऊ, म्हणून सगळ्यांचाच भाऊ.

आता बाटल्या भरायचं कामही त्याच्याकडेच आलं. दुसरं कोणी ताईच्या खुर्चीवर बसायला तयार नव्हतं.

तिचे नियम त्याला पाठ होते. बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. उघडी बाटली दिसली की आधी झाकण लावायचं, मग बाकीची दुनिया. आणि प्रत्येक ट्रेमध्ये सतरा नंबरची बाटली कोरी ठेवायची. तिच्यात पावडर नाही, काही नाही. मशीन तिलाही ॲसिड देणार, तिचाही आलेख काढणार, आणि तो आलेख सपाट आला पाहिजे. "कोरी बाटली गप्प असली," ताई म्हणायची, "तरच बाकीच्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा."

३

तिसऱ्या ट्रेला सतरा नंबर बोलला.

मशीन चालवणारा माणूस वयानं मोठा, टक्कल पडलेला, पण आवाज शाळकरी पोरासारखा चिरका. मशीनमध्ये हेलियम गॅस खेळवायचा असतो, तो छातीत गेला की आवाज असाच चिरकतो. हा तो पिऊनच जन्माला आलाय असं म्हणून ताईनं त्याचं नाव हेलियम ठेवलं होतं. त्यानंही ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

"भाऊ, इकडे ये जरा," हेलियम पडद्याकडे बघत म्हणाला. "कोऱ्या बाटलीत काय टाकलंस?"

"काही नाही."

"मग हे काय? माझ्या सासऱ्याचं नाक?"

पडद्यावर एक रेघ होती. ती सपाट असायला हवी होती. मध्येच तिला छोटे उंचवटे आले होते, नखाएवढे.

"पावडर सांडली असेल."

"पावडर सांडली असती तर जड-हलक्या कार्बनचा आकडा दगडाचा आला असता. उणे सहा, उणे सात. हवा शिरली असती तर उणे साडेआठ. हा आकडा बघ. उणे एकवीस पूर्णांक चार."

"म्हणजे काय?"

हेलियमनं मान खाजवली. सर मागं येऊन उभे राहिले होते, ते थकल्यासारखे म्हणाले, "म्हणजे श्वास. माणसाचा श्वास साधारण एवढ्यातच येतो. तू झाकण लावताना बाटलीवर वाकतोस?"

"वाकतो."

"मास्क लावत जा."

एवढंच. कोणी घाबरलं नाही. हेलियमनं त्या आकड्यावर काट मारली आणि डबा उघडला. तो मात्र पडद्यासमोर उभा राहिला. त्याच्या डोक्यात एक बारीकशी गोष्ट टोचत होती: झाकण लागल्यावर हेलियम प्रत्येक बाटलीतून दहा मिनिटं गॅस सोडून ती आतून धुऊन काढतो. आतली सगळी हवा बाहेर जाते. मग श्वास कसा राहील? पण हे विचारायचं कोणाला? सरांना कळत होतं आणि त्याला कळत नव्हतं, असंच असणार. आजवर असंच असायचं.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं मास्क लावला. कोऱ्या बाटलीला झाकण लावताना तोंड फिरवलं, श्वास रोखला, हात लांब केले. डोळ्यांपुढं काजवे चमकेपर्यंत रोखला.

उंचवटे बोटाच्या पेराएवढे झाले. उणे एकवीस पूर्णांक चार.

"तू आता नाकानं बाटल्या फुगवतोस की काय?" हेलियम म्हणाला, पण हसला नाही.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा त्यानं कपाटातली जुनी वही काढली. या प्रयोगशाळेत एक रीत होती. नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी एका बाटलीत नळीनं फुंकायला लावायचं आणि मशीन कसं चालतं ते त्याच्याच श्वासावर दाखवायचं. आकडा वहीत लिहायचा. त्याचाही होता, त्याच्याच वाकड्या अक्षरात: उणे तेवीस पूर्णांक आठ. त्या दिवशी बाजूला बसून ताईनं त्याला चिडवलं होतं, माझा आकडा बघ, तुझ्याहून जड. सरांनी सांगितलं होतं की उसाच्या साखरेत जड कार्बन जास्त असतो. तो बिनसाखरेचा चहा घ्यायचा. ताईच्या चहात चमचा उभा राहायचा.

त्यानं पानं मागं उलटली. सात वर्षांपूर्वीचं पान. ताईचं टपोरं अक्षर.

उणे एकवीस पूर्णांक चार.

तो वही घेऊन तडक सरांच्या खोलीत घुसला, दार न वाजवता. सर भाकरी-पोळीऐवजी नुसती बिस्किटं खात बसले होते. आताशा ते जेवायचेच नाहीत. त्यांनी वही पाहिली. बराच वेळ पाहिली.

"भाऊ," ते म्हणाले, "जगातल्या निम्म्या माणसांचा आकडा वीस ते पंचवीसच्या मध्ये येतो."

"पूर्णांक चारसुद्धा?"

"येऊ शकतो."

"सर, तुम्हीच सांगता ना, की तीनदा तोच आकडा आला तर योगायोग म्हणायचं नाही?"

"दोनदा आलाय," सर म्हणाले आणि वही त्याच्याकडे सरकवली.

तिसऱ्या दिवशीही तोच आला. सरांना सांगायला तो गेला नाही. सर पण विचारायला आले नाहीत.

५

घरी संध्याकाळी साडेसहा वाजता आई उठून दार उघडायची. रोज. ताई त्याच सुमाराला यायची.

घराला बेल होती, पण ताईनं ती कधी वाजवली नाही. बोटाच्या पेरांनी दारावर वाजवायची. दोन, मग जरा थांबून एक. "बेल काय शोभेला लावलीय?" असं आई करवादायची. ताई म्हणायची, "बेल कोणीही वाजवतं."

"काय गं?" त्यानं आईला विचारलं. आई उघड्या दारात उभी होती. बाहेर जिना, जिन्यावर शेजाऱ्यांची सायकल.

"काही नाही. वारा येऊ दे म्हटलं."

"वारा कुठंय?"

"नाही आला," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तू दमलास रे. किती दमल्यासारखा दिसतोस."

तीही दमली होती. त्या घरात आता दमणं एवढंच काम दोघं मिळून करत होती.

मशीनच्या खोलीत उंचवटे वाढतच होते. हेलियमनं झाकणांची नवी पेटी फोडली, ॲसिड बदललं, बाटल्या भट्टीत तापवून काढल्या. सतरा नंबर बोलतच राहिला. एकदा हेलियमनं कोरी बाटली सतराऐवजी तीसला ठेवली. तीस गप्प राहिला आणि सतराला ठेवलेल्या दगडाच्या आकड्यात किंचित खोट आली. भरलेल्या बाटलीत दगडाचा गॅस इतका असतो, की त्या गलक्यात बाकी काही ऐकू येत नाही. कोरी बाटली गप्प, म्हणूनच तिच्यात ऐकू येत होतं.

"आणि आकार बघितलास का?" हेलियम एका दुपारी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता. "मशीन एका बाटलीतून दहा वेळा गॅस ओढतं. बाटली तीच, गॅस तोच. म्हणजे दहा उंचवटे यायला पाहिजेत, पायऱ्यांसारखे, सारखे. इथं बघ. पहिला आहे, दुसरा आहे, तिसरा नाही. चौथा आहे. पाचवा-सहावा नाही. मग सात, आठ. नववा नाही. दहावा आहे. असं होतच नाही, भाऊ. आतला गॅस काय मध्येच उठून चहा प्यायला जातो? व्हॉल्व्ह अडकत असणार. उद्या बदलतो."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग नकळत उजव्या हाताची पेरं टेबलावर टेकवली आणि रेघेबरोबर वाजवत गेला.

दोन. थांबून एक.

दोन. थांबून एक.

"असं करू नकोस," हेलियम म्हणाला.

व्हॉल्व्ह बदलला. नव्या व्हॉल्व्हनंही तेच काढलं. हेलियमनं त्यानंतर सतरा नंबरचा पडदा बघायचं सोडून दिलं; त्या वेळेला तो हात धुवायला जायचा. पण मशीन आवाज करायचं. सुई खाली यायची, रबर टोचायची, एक बारीक टक. हा आवाज रोज ऐंशी बाटल्यांना व्हायचा आणि कोणाला जाणवायचा नाही. सतराला मात्र त्याला वाटायचं, की टक झालं ते सुईकडून नाही. आतून.

वाटायला काय, दमलेल्या माणसाला काहीही वाटतं. हे त्यानं स्वतःलाच सांगितलं. पंपाची घरघर तासन् तास ऐकली की तिच्यात माणसं बोलायला लागतात, हे इथं सगळ्यांना ठाऊक होतं. ताईसुद्धा म्हणायची, पंप मला नावानं हाका मारतो. तेव्हा सगळे हसले होते.

६

मग उंचवटे खाली यायला लागले.

आधी कोणाला कळलं नाही. बोटभराचे पेराएवढे झाले, पेराचे नखाएवढे. टक-टक तीच, दोन आणि एक, पण दर दिवशी बुटकी. हेलियमचा चेहरा उजळला. "जातंय हळूहळू. काहीतरी मशीनमध्ये चिकटून बसलं होतं, आता धुऊन निघतंय. परवापर्यंत सपाट. मग सरांना आकडे पाठवता येतील."

सरही म्हणाले, "बरं झालं." आणि खरंच त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते जेवले.

तो मात्र पडद्यापासून हलला नाही. सपाट म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. दवाखान्यातही त्याला एक सपाट रेघ दाखवली होती आणि एक माणूस हलक्या आवाजात काहीतरी बोलला होता. इतके दिवस तो या आलेखाला भीत होता. आता कळलं की भीती उलटी होती. आत कोणीतरी आहे आणि त्याचा दम संपत आलाय.

आणि तरीही त्याचं मन भांडतच होतं. श्वासाचा आकडा कोणाचाही असेल. व्हॉल्व्ह नवासुद्धा बिघडतो. दोन आणि एक असं तर घड्याळातही ऐकू येतं, नळातही. तू आठवी नापास, तुला काय कळतं? खरंच तिनं ठोठावलं होतं याचा पुरावा काय? एक तरी दाखव.

दुपारी तो ड्रिलच्या टेबलाशी जाऊन बसला. इअरमफ त्यानं त्या दिवसापासून घातले नव्हते. खिळ्याला लटकत होते. टेबलाच्या कडेला त्या दिवशीचा दगड ठेवला होता, फडक्यात गुंडाळून. अर्धवट राहिलेला. पुढं हात लावायची त्याची छाती झाली नव्हती. त्यानं फडकं सोडलं.

थरांवर त्याच्या रेषा होत्या, एकाखाली एक, दोनशेच्या वर. सरळ. सर पाहुण्यांना दाखवायचे: हे यंत्रानं नाही, माणसाच्या हातानं. त्यानं भिंग लावलं आणि सावकाश खाली येत गेला. शेवटच्या चार रेषा. त्यातली पहिली सरळ. दुसरी सरळ.

तिसऱ्या रेषेला दोन दात होते. केसाएवढे. मग थोडी जागा, मग आणखी एक.

पुढं दोन. मग एक.

पुढं दोन.

चौथ्या रेषेला एकच दात होता, अगदी सुरुवातीला. आणि त्याच्यापुढं रेषा सरळ गेली होती, दगडाच्या कडेपर्यंत, सुंदर, न थरथरता.

टेबल भिंतीला टेकलेलं होतं. भिंत हादरली, टेबल हादरलं, टेबलावरचं कोपर हादरलं, हातातलं ड्रिल हादरलं. कानांना कळलं नाही. हाताला कळलं होतं. आता त्याला आठवलंसुद्धा: कोपराला काहीतरी लागलं आणि तो मनात म्हणाला होता, हा पंप आज फारच गुरगुरतोय. आणि त्यानं ड्रिल आणखी घट्ट धरलं होतं, म्हणून चौथी रेषा सरळ आली होती. दगडानं लिहून घेतलं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

उत्तर मिळालं. हो.

तो रडला नाही. रडायलाही बळ लागतं. तो फक्त दगडावर हात ठेवून बसला, आणि बसल्या बसल्या त्याला त्या दिवसातलं आणखी एक आठवलं, इतके दिवस कुठं लपलं होतं कोण जाणे.

रेषा संपल्यावर त्यानं इअरमफ काढले होते. ताईचा ट्रे भरून तयार होता, सगळ्या बाटल्यांना झाकणं. फक्त कोरी बाटली उघडी, कारण तिला शेवटी झाकण लावायची ताईची पद्धत. ताई दिसली नाही, म्हणून ती उघडी बाटली एका हातात आणि झाकण दुसऱ्या हातात घेऊन तो तिला शोधत बोळात गेला. "ताई, ही लावू का मी?" मग दार. मग हेलियमची किंकाळी, कोणाचे तरी खांदे दाराला, दार उघडलं, आणि तो तिच्याजवळ जमिनीवर बसला, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हाका मारत. तिची छाती एकदा हलली होती. एकदाच. डॉक्टर म्हणाले, तो भास.

आणि तेवढ्यात त्याच्या हातांनी सवयीप्रमाणे काम केलं होतं. उघडी बाटली दिसली की आधी झाकण लावायचं.

त्यानं घट्ट पिळलं होतं. तिनं शिकवलं होतं तसं.

७

त्या दिवशीचा ट्रे मशीनवर गेलाच नव्हता. कोणीतरी तो जमिनीवरून, टेबलावरून गोळा करून साठवणीच्या खोलीत ठेवला होता. टाकवतही नव्हता आणि वापरवतही नव्हता.

दुपारचे तीन वाजले होते. मशीनच्या खोलीतून हेलियमचा आवाज आला, "भाऊ, आजचा सतरा बघायला येतोस का? जवळजवळ सपाट!" तो गेला नाही. बोळातून जाताना टेकवलेल्या दारापाशी त्याची पावलं आपोआप थांबली. दारावर आतल्या बाजूला, मुठीच्या भोकाखाली, रंग उडाला होता. इतके दिवस त्यानं दाराची ही आतली बाजू भिंतीकडे करून ठेवली होती. आज ते उलटं टेकवलेलं होतं. सफाईवाल्यानं फिरवलं असेल. तोच फिरवत असेल.

साठवणीच्या खोलीला खिडकी नव्हती. त्यानं दिवा लावला. कपाटं, खोकी, फुटक्या तराजूची पेटी. ट्रे सगळ्यात खालच्या फळीवर होता, वर ताईचा घडी केलेला पांढरा कोट. त्यानं कोट उचलला, छातीशी धरला, मग नीट बाजूला ठेवला.

ऐंशी बाटल्या. एक सोडून सगळ्यांच्या तळाशी चिमूटभर पांढरी पावडर; त्या सगळ्यांच्या काचा कोरड्या आणि धूळ खाऊन मळलेल्या.

सतरा नंबरची काच पांढरी दिसत होती. त्यानं आधी बोटानं बाहेरून पुसली. पुसली गेली नाही.

वाफ आतून होती.

त्यानं बाटली दिव्यासमोर धरली. हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ बसते, तशी. पाण्याचा थेंबही त्या बाटलीत गेला नव्हता. बाटली कोमट होती. त्याच्या हातानं झाली असेल. तो बघत राहिला. वाफ जरा विरळ झाली, पुन्हा दाट झाली. विरळ. मग बऱ्याच वेळानं, सावकाश, दाट. दर वेळी मधलं अंतर वाढत होतं.

आणि झाकणाच्या जरा खाली, त्या पांढऱ्या काचेवर, एक ठिपका स्वच्छ झाला. मोहरीएवढा. त्याच्या शेजारी दुसरा. मग काही नाही. तो श्वास धरून उभा राहिला, त्याला वाटलं आता नाहीच. मग तिसरा, अर्धवट, फिकट, जणू पेर काचेपर्यंत पोचलंच नाही.

पाय मागं जायचं म्हणत होते. हे काय आहे, ताई आहे, की ताई गेली तेव्हा तिथं राहून गेलेलं दुसरंच काही, ते त्याला कळत नव्हतं. आत कोणी डोळे उघडे ठेवून आहे का? इतक्या दिवसांत ते कसं झालं असेल? बाहेर आल्यावर ते कोणाकडे बघेल? हे प्रश्नसुद्धा सरांना विचारण्यासारखे नव्हते.

पण एका गोष्टीचं उत्तर त्याला आता ठाऊक होतं. दार वाजलं होतं. आणि वाजवणारी बेल वाजवत नाही.

त्यानं साठवणीच्या खोलीचं दार आधी सताड उघडलं. बोळातून जाऊन बाहेरचंही उघडलं. समोरच्या रस्त्यावरचं ऊन बोळात आत आलं, टेकवलेल्या दारापर्यंत. मग तो बाटली घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला. पेरांनी काचेवर वाजवलं, हळू, तिला दचकायला होऊ नये म्हणून. दोन. थांबून एक.

"आलो, ताई," तो म्हणाला.

झाकण घट्ट बसलं होतं. दोनदा हात घसरला. तिसऱ्यांदा त्यानं शर्टाच्या टोकानं धरलं, दात आवळले आणि उलटं पिळून काढलं, आणि वाट सोडून बाजूला उभा राहिला.